पॅसेजमधला तक्ता

तक्ता काढायला हेमचंद्रांचा विरोध होता, आणि तो ते सकाळपासून चहाच्या प्रत्येक कपाबरोबर नोंदवत होते.

"अरे, पण त्याने तुमचं काय बिघडवलंय?" त्यांनी अभिरामला पुन्हा विचारलं. अभिराम श्रीवास्तव अस्सल लखनौचा. पण हेमचंद्रांच्या डॉक्टर बायकोच्या, विनयाच्या हाताखाली इतकी वर्षं काढल्यावर मराठी नाही तरी मराठीतला राग त्याला पुरता कळायचा.

"सर, बस शूटिंग तक. नया वाला लाइट वाला है, कैमरे में अच्छा आएगा. मॅम के लिए पूरे डिपार्टमेंट की तरफ़ से है."

"रुचाची सगळी बाराखडी त्या जुन्या तक्त्यावर झाली आहे."

"बाबा, त्यांना करू दे ना," अनुप वर्तमानपत्रातून म्हणाला. "शुक्रवारी आईचा निरोप समारंभ आहे, आज रविवार. कधी करणार ते लोक?"

हेमचंद्रांनी कप खाली ठेवला. औषध संशोधन केंद्रातून निवृत्त झाल्यापासून या घरात आपल्या मताला किंमत उरली नाही, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि त्या मतालाही कोणी किंमत देत नव्हतं. सुरुची नावाच्या कनिष्ठ डॉक्टरणीने स्टुलावर चढून तो पिवळा पडलेला पुठ्ठा खिळ्यावरून काढला. हिंदी अक्षरांचा, वर मोठं आणि खाली बारीक होत जाणारा, डोळे तपासायचा तक्ता. ओपीडीत नवा आला तेव्हा जुना विनयाने घरी आणला होता आणि जानकीपुरमच्या या घराच्या पॅसेजमध्ये तो लटकला तो लटकलाच. पाहुण्यांना घरात देवाच्या आधी त्याचं दर्शन व्हायचं. हेमचंद्रांनी नातीला त्यावरूनच अक्षरं शिकवली, आणि लक्षात राहावीत म्हणून त्यांना चाल लावून दिली. तो गाण्यातला त्यांचा एकमेव पराक्रम.

स्वयंपाकघरात अनुपची बायको देवयानी मटाराच्या करंज्या तळत होती आणि तिची आतेसासू माणिक त्या लाटता लाटता घरच्यांचा समाचार घेत होती. माणिकआत्या वहिनीच्या निरोप समारंभासाठी सांगलीहून आली होती. लखनौची थंडी, लखनौचं धुकं, लखनौच्या भाजीवाल्याचं "माताजी" म्हणणं, सगळ्याबद्दल तिची तक्रार होती.

"पाणी पाहिजे आत्याआजीला," असं म्हणत तिने रुचाला तांब्या दिला. सात वर्षांच्या रुचाने मोठ्या ऐटीत तांब्या कलंडला आणि निम्मं पाणी फुलपात्राच्या शेजारी ओट्यावर गेलं.

"धांदरट गं बाई! बापावर गेलीय."

"सॉरी आत्याआजी. गिलास हिल गया," रुचा म्हणाली आणि पळाली. फुलपात्र हललं नव्हतं.

देवयानीने फडक्याने ओटा पुसला. गेल्या दिवाळीच्या आधी ती हे सासूशी बोलली होती. पोरीला चेंडू झेलता येत नाही, रंगवताना मान वाकडी करते, पाणी बाहेर ओतते. विनयाने तेव्हा लगेच रुचाला पॅसेजमध्ये उभं केलं होतं. आधी हा डोळा झाक, मग तो झाक. रुचाने दोन्ही वेळा शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचून दाखवलं होतं. "ठणठणीत आहेत डोळे," विनया म्हणाली होती. "लक्ष नसतं पोरीचं. तू फार काळजी करतेस, देवयानी." मुलांच्या डोळ्यांसाठी बहराइच-गोंड्याहून लोक जिच्या दारात येतात तिने एकदा सांगितल्यावर सुनेने पुन्हा काय विचारायचं? पुढे कधीतरी देवयानीने पुन्हा विषय काढला, तेव्हा हवाई दलात जोधपूरला असलेला अनुपच फोनवर हसला होता. "घरात गंगा आणि तू नळाला रांग लावतेस." तेव्हापासून ती गप्प होती.

"चला, सगळे बाहेर या!" अनुपने हाक मारली. "आईचं शूटिंग सुरू होतंय."

विनया पॅसेजच्या टोकाला खुर्चीवर बसली होती. राखाडी रेशमी साडी, वर खांद्यावर शाल. कौतुकाने ती अवघडायची आणि अवघडली की जास्तच कडक दिसायची. सुरुचीने मोबाइल तिवईवर लावला.

"मॅम, वही बोलिए जो हर नए बैच को बोलती हैं," अभिराम म्हणाला.

विनयाने घसा साफ केला. पण पहिल्या वाक्यानंतर तिचा आवाज आपोआप वर्गातला झाला.

"बच्चा झूठ नहीं बोलता. बच्चा मदद करता है. आप पूछेंगे, दिख रहा है? तो वो कहेगा, हाँ, क्योंकि आप यही सुनना चाहते हैं. तो उसकी मदद से बचिए. उँगलियों से आँख मत ढकिए, वो झाँकेगा. हथेली रखिए. और जो चार्ट उसने पहले देखा है, उससे कभी जाँच मत कीजिए. कभी नहीं. ये पहला नियम है. बाकी सब किताब में है."

"और दादी बाहर!" अभिराम कॅमेऱ्यामागून म्हणाला, आणि सुरुची खुदकन हसली.

ओपीडीच्या दारावर विनयाने तशी पाटीच लावून घेतली होती. आई आत, आजी बाहेर. आळशी झालेल्या डोळ्याला कामाला लावायचं तर चांगल्या डोळ्यावर पट्टी चिकटवावी लागते. मूल रडतं, आणि घरात सगळ्यात आधी आजीला पाझर फुटतो. ती गुपचूप पट्टी काढते, मुलाला लाडू देते आणि वर्षाच्या मेहनतीवर पाणी पडतं. म्हणून आजी बाहेर. पण आज्यांना विनयाने एक कामही दिलं होतं. पट्टी लावलेलं मूल पहिल्यांदा दाराबाहेर आलं की त्याने बाकावर बसलेली आपली आजी शोधायची. कोणी हाक मारायची नाही, कोणी बोट दाखवायचं नाही. ज्या डोळ्याला सगळ्यांनी सोडून दिलं त्याने स्वतः शोधायचं. डिपार्टमेंटमध्ये याला "ढूँढो" म्हणत.

"आता डेमो," अनुप म्हणाला. "पेशंट तयार आहे."

रुचा केव्हाची तयारच होती. आजीच्या फिल्ममध्ये आपल्याला घेणार म्हणून तिने लाल फ्रॉक घातला होता आणि थंडी वाजत असून स्वेटर काढून ठेवला होता. अभिरामने तिला पॅसेजच्या या टोकाला उभं केलं आणि समोरच्या भिंतीवरचा नवा तक्ता लावला. आतला दिवा लागला तशी अक्षरं काळीभोर उठून दिसायला लागली.

"पहले बाईं आँख बंद. पढ़ो बेटा."

त्याने तिच्या डाव्या डोळ्यावर तळवा धरला. रुचाने वरपासून खालपर्यंत वाचलं. एकदा अडखळली, डोकं पुढे काढून पाहिलं, आणि बरोबर वाचलं. माणिकआत्याने टाळ्या वाजवल्या.

"शाबाश. अब दाईं."

तळवा उजव्या डोळ्यावर आला. रुचाने क्षणाचाही वेळ घेतला नाही. छाती पुढे काढून चालीत सुरुवात केली. "र... न, प... क, ट, व..." आणि तशीच, न अडखळता, एकेका ओळीने खाली गेली.

हेमचंद्र सगळ्यात आधी हसले. "अरे, हे आमचं गाणं! जुन्या तक्त्याचं!"

मग सगळेच हसले. अनुप म्हणाला, "लबाड! समोर काय आहे ते तरी बघ!" सुरुचीचा मोबाइल हसण्याने हलला. समोरच्या तक्त्यावर पहिलं अक्षर वीतभर मोठं "ल" होतं. "र" कुठेच नव्हता.

विनया हसली नाही.

ती खुर्चीवरून उठली तेव्हा शाल खाली पडली आणि ती शालीवर पाय देऊन चालत आली. अभिरामचा हसरा चेहरा तिला पाहूनच उतरला. तिने त्याचा हात बाजूला केला, स्वतः गुडघ्यांवर बसली आणि रुचाच्या उजव्या डोळ्यावर आपला तळवा ठेवला.

"रुचा. समोर काय दिसतंय?"

"चार्ट."

"वरचं मोठं अक्षर कुठलं?"

"र."

विनयाने दुसरा हात तिच्या तोंडासमोर धरला. "बोटं किती?"

रुचाने मान वळवून तळव्याच्या कडेने पाहायचा प्रयत्न केला. विनयाने तळवा घट्ट केला. "तशी नाही, बाळा. सरळ बघून सांग."

"आजी, इससे थोड़ी दिखता है."

"म्हणजे?"

"ये तो दूसरी वाली है ना," रुचा समजावून सांगितल्यासारखी म्हणाली. "देखने वाली तो आपने बंद कर रखी है."

स्वयंपाकघरात कढईतलं तेल तडतडत होतं ते ऐकू येत होतं.

"मग मघाशी वाचलंस ते?" विनयाने विचारलं.

"वो तो मुझे आता है. आपने पहले भी तो पूछा था." रुचाने सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं आणि तिची ऐट गेली. "गलत बोला क्या? सबकी एक ही देखने वाली होती है ना, आजी?"

विनया तिथेच फरशीवर बसली. पस्तीस वर्षं दर जुलैला नव्या मुलांपुढे ती पहिला नियम म्हणून जे सांगत आली ते तिच्याच घराच्या भिंतीवर खिळा ठोकून लटकत होतं. जाता-येता तिने त्यावरची धूळ पुसली होती. आणि नातीने तिला मदत केली होती.

"अभिराम, तेरा बैग," ती म्हणाली.

अभिराम डोळ्यात पाहायचं उपकरण घेऊन धावत आला. तिने ते हातात घेतलं, पण प्रकाशाचा ठिपका रुचाच्या गालावरच नाचायला लागला. तिने उपकरण त्याच्याकडे दिलं आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. डोळ्याच्या आत काय काय असू शकतं याची तिला माहिती होती. इतकी माहिती आयुष्यात प्रथमच तिला नकोशी झाली.

अभिरामने बराच वेळ पाहिलं. "मॅम, पीछे सब साफ़ है," तो शेवटी म्हणाला. "कल दवा डालकर ठीक से देख लेंगे. पर मुझे नंबर लग रहा है. बाईं में बहुत बड़ा नंबर है."

"म्हणजे काय?" अनुपने विचारलं. "कोणी मराठीत सांगेल का? आंधळी झालीय का ती?"

"नाही," विनया डोळे न उघडता म्हणाली. "डोळा धडधाकट आहे. जन्मापासून त्या डोळ्याला मोठा नंबर असणार. त्यातून धूसर चित्र यायचं, म्हणून मेंदूने ते घेणंच सोडून दिलं. बाहेरून काही दिसत नाही. डोळा तिरळा होत नाही, लाल होत नाही. तपासल्याशिवाय कळत नाही."

"मग चष्मा दे. झालं!"

"चष्मा, आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी. रोज. कदाचित वर्षभर, कदाचित जास्त. चौथ्या वर्षी सापडतं तेव्हा मी आयांना सांगते, निर्धास्त राहा. सातव्या वर्षी..." ती थांबली. "सातव्या वर्षी मी सांगते, प्रयत्न करू."

अनुप मटकन खुर्चीवर बसला. हवाई दलातल्या या माणसाने मुलगी पाळण्यात असतानाच ती विमान उडवणार असं जाहीर केलं होतं. तिच्या खोलीच्या छताला त्याने स्वतः कागदी विमानं टांगली होती. आता तो त्या छताच्या दिशेने पाहत राहिला.

"दृष्टच लागली गं पोरीला," माणिकआत्या म्हणाली. "परवा त्या शेजारणीने..."

"दृष्ट नाही लागली, आत्या." देवयानी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात झारा तसाच. "मी सांगितलं होतं. दिवाळीच्या आधी सांगितलं होतं. आई, तुम्ही तिला इथे उभं केलंत, याच जागेवर, आणि मला म्हणालात तू फार काळजी करतेस."

"देवयानी, ही वेळ आहे का?" अनुप म्हणाला.

"मग कधी आहे वेळ? तू तर हसलास माझ्यावर! घरात गंगा म्हणालास!" तिचा आवाज फुटला. "भाजीवाल्याच्या मुलीला असं झालं असतं तर त्याने तिला दवाखान्यात नेली असती. माझी राहिली, कारण ती या घरातली आहे!"

"शाळेत तपासणी झाली होती ना?" हेमचंद्रांनी विचारलं. त्यांना कुठेतरी एखादी चूक हवी होती, आपल्या गाण्याशिवायची. "ऑगस्टमध्ये. डिपार्टमेंटचीच माणसं आली होती."

अभिराम उभा होता तिथेच खाली पाहू लागला. "मैं ही था, सर. निशातगंज वाले स्कूल में. रुचा लाइन में थी." त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "मैंने कहा, तुम जाओ बेटा, तुम तो मॅम की पोती हो. तुम्हारा तो घर पर रोज़ होता है."

रुचा मान हलवून म्हणाली, "हाँ, और मुझे टॉफ़ी भी दी थी."

हेमचंद्र उठले आणि कपाटाशेजारी उभा करून ठेवलेला जुना तक्ता घेऊन आत जायला निघाले. "आजोबा, वापस लगा रहे हो?" रुचाने विचारलं. खोलीचं दार लावल्याचा आवाज आला, आणि मग आतून, या घरात कोणी कधी ऐकला नव्हता असा, त्यांच्या हुंदक्याचा.

माणिकआत्या झटकन रुचाला घेऊन गच्चीवर उन्हात गेली. तिच्या जिभेला हाड नसलं तरी पाय कधी उचलायचा हे तिला कळायचं.

सुरुची अजून तिवईशीच उभी होती. "मॅम," ती घाबरत म्हणाली, "ये रिकॉर्ड हो गया है. डिलीट कर दूँ?"

विनयाने डोळे उघडले. "नाही," ती म्हणाली. आणि मग हिंदीत, सावकाश, "डिलीट मत करना. शुक्रवार को यही दिखाना. पूरा. भाषण-वाषण रहने दो. इससे बड़ा सबक मैंने किसी को नहीं पढ़ाया."

"आई!" अनुप उभा राहिला. "वेड लागलंय का तुला? डीन येणार आहेत, तुझे जुने विद्यार्थी येणार आहेत. सगळ्यांसमोर तू..."

"सगळ्यांसमोरच. त्यांच्याही घरी मुलं आहेत, अनुप. प्रत्येक डॉक्टरच्या घरी असा एक तक्ता असतो."

तिच्या चेहऱ्यावर थोडा रंग परतला होता. काय करायचं ते तिला सापडलं होतं, आणि शिकवायला मिळालं की विनया कुठल्याही खड्ड्यातून बाहेर येऊ शकत असे. देवयानीने ते पाहिलं. झारा तिने दाराशेजारच्या टेबलावर ठेवला.

"नाही," देवयानी म्हणाली.

"अगं, यातून किती मुलं..."

"माझी मुलगी तुमचा धडा नाहीये, आई."

बारा वर्षांत सून विनयाशी अशी बोलली नव्हती. विद्यार्थ्यांपैकी तर कोणीच नाही.

"ती उद्या शाळेत जाईल तेव्हा तिच्या मैत्रिणीची आई तिला विचारेल, तूच का गं ती फिल्ममधली? तुम्हाला शिक्षा हवी असेल तर ती तुम्ही तुमची घ्या. तिचं तोंड वापरू नका." देवयानी सुरुचीकडे वळली. "डिलीट करो. अभी. मेरे सामने."

सुरुचीने विनयाकडे पाहिलं. विनयाने होकारार्थी मान हलवली. मोबाइलवर अंगठा फिरला.

"आणि अजून एक," देवयानी म्हणाली. "रुचाला अभिराम तपासेल. तुम्ही नाही."

"हे आता अतीच झालं," अनुप म्हणाला. "अख्ख्या उत्तर प्रदेशातून लोक आईकडे येतात, आणि तिची नात तिच्या विद्यार्थ्याकडे? लोक काय म्हणतील? आणि त्यानेच तर तिला रांगेतून काढली!"

"म्हणूनच," देवयानी म्हणाली. "तो आता पुन्हा कोणाला काढणार नाही."

"तिचं बरोबर आहे." हे हेमचंद्र होते. खोलीच्या दारात उभे, डोळे लाल, हातात काही नाही. "विनया, तिचं बरोबर आहे. मी आणि तू बाजूला व्हायचं."

चाळीस वर्षांच्या संसारात नवरा चारचौघांत कधी आपल्या विरुद्ध गेला असेल असं विनयाला आठवेना. ती भिंतीला धरून उठली. राग यायला हवा होता. आला नाही.

"अभिराम," ती म्हणाली, "सुना?"

"मॅम, मैं कैसे..."

"जैसे सिखाया है, वैसे."

शुक्रवारचा समारंभ झाला. हार झाले, शाल झाली, ज्याला त्याला विनयाबद्दल बोलायचं होतं. कोणीतरी म्हणालं की मॅडमच्या नजरेतून काही सुटत नाही, आणि टाळ्या पडल्या. विनया पहिल्या रांगेत बसून स्वतःच्या हातांकडे पाहत राहिली. तिच्या पाळीला ती उठली, "धन्यवाद, बच्चों का ख़याल रखिए," एवढंच बोलली आणि बसली. लोकांना वाटलं, भरून आलंय.

घरात देवयानी सासूशी चहा-जेवणापुरतं बोलत होती. औषध घालून तपासणी झाली. नंबर निघाला तो अभिरामने देवयानीला सांगितला, देवयानीने अनुपला, आणि विनयाला तो माणिकआत्याकडून कळला. हजरतगंजातून चष्मा आला, निळ्या फ्रेमचा. त्याची डावी काच जाड होती.

पुढच्या सोमवारी पहिली पट्टी लागायची होती. विनया सगळ्यांबरोबर रिक्षातून उतरली, ओळखीच्या पायऱ्या चढली आणि ओपीडीच्या दाराशी आली. दारावरची तिच्या नावाची पाटी काढून झाली होती. चार भोकं तेवढी उरली होती. खालची पाटी मात्र जागेवर होती. आतून अभिराम दार उघडून उभा राहिला. त्याने रुचाकडे पाहिलं, देवयानीकडे पाहिलं, मग मॅडमकडे.

"दादी बाहर," विनया स्वतःच म्हणाली आणि बाकाकडे वळली.

बाक भरलेला होता. शाली, स्वेटर, कानावरून बांधलेले मफलर. सगळ्या आज्याच. मलिहाबादची एक म्हातारी सरकली आणि तिने विनयाला जागा दिली.

"पोती को दिखाने आई हैं?"

"जी."

"हम भी पोते को. सुना है यहाँ की बड़ी डॉक्टरनी बहुत कड़क हैं. दादियों को घुसने नहीं देतीं. बताइए, हम क्या बच्चे के दुश्मन हैं?"

"सुना तो मैंने भी है," विनया म्हणाली.

"ख़ुद की पोती होती तो पता चलता."

विनयाने शाल घट्ट ओढून घेतली.

दार उघडलं. आधी देवयानी आली, तिच्यामागे रुचा. उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, वर निळा चष्मा. एक हात भिंतीवर होता. चालताना ती पाय उचलून चाचपत टाकत होती, जिन्यावर चालल्यासारखी. ही पोर आठवड्यापूर्वी घरभर पळत होती.

"ढूँढो बेटा," अभिराम दारातून म्हणाला. "दादी यहीं हैं. कोई बोलेगा नहीं."

"आजी?" रुचाने हाक मारली.

विनयाचे ओठ हलले. हजार बायकांना तिने या जागी गप्प बसवलं होतं. नुसतं "इकडे, बाळा" म्हणायला किती बळ लागतं, आणि न म्हणायला किती, हे त्या बायकांना माहीत होतं. तिला आज कळत होतं.

"आजी, कहाँ हो? बोलो ना. कुछ नहीं दिख रहा." आवाज रडवेला झाला. "मम्मा, निकालो इसे. मुझे नहीं चाहिए."

रुचाचं बोट पट्टीच्या कडेशी गेलं. विनया अर्धी उठली. तिचा हात पुढे गेला होता, आपोआप, ती पट्टी काढायलाच, आणि तेवढ्यात कोणीतरी तो मनगटाशी पकडला. देवयानी तिच्या शेजारी दाटीवाटीने येऊन बसली होती. तिने सासूचा हात आपल्या मांडीवर ओढला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला.

"धरून ठेव," विनया पुटपुटली. "सोडू नकोस."

रुचा बाकापाशी आली. पहिल्या शालीसमोर थांबली, मलिहाबादच्या म्हातारीची बोटं धरली आणि म्हणाली, "आजी, चलो, घर चलते हैं."

देवयानीच्या तोंडातून आवाज निघाला तो तिने पदरात दाबला. म्हातारी गोंधळून काही बोलणार होती; विनयाने ओठांवर बोट ठेवलं. म्हातारीला काय कळलं कोण जाणे, पण ती गप्प राहिली आणि तिने आपला चेहरा वाकवून पोरीच्या समोर आणला. रुचाने चष्म्यातून पाहिलं. मान वाकडी केली, मग सरळ केली. खूप वेळ पाहिलं.

"नहीं," ती म्हणाली. "ये मेरी वाली नहीं है."

तिने बोटं सोडली आणि एक पाऊल बाजूला सरकली. आता ती विनयासमोर होती. नाकाला नाक लागेल इतका चेहरा तिने जवळ आणला. जाड काचेमागचा डोळा मोठा दिसत होता, हलत होता, एका जागी ठरत नव्हता. मग ठरला.



"आजी," रुचा हळूच म्हणाली, "आप रो रही हो?"

"हो," विनया म्हणाली. "दिसलं तुला?"

"थोड़ा-थोड़ा."